लहान पेटींतील मोठी उष्णता

वीज आणि पाणी ह्यांची गांठ पडूं देऊं नये, हा धडा प्रत्येक घरांत मूल चालूं लागतांच मिळतो. ओल्या हातानें बटण दाबणाऱ्या पोराच्या पाठीवर धपाटा बसतो आणि तो त्यास जन्मभर आठवतो. अशा संस्कारांत वाढलेल्या मनुष्यास जर कोणीं सांगितलें कीं, कांहीं हौशी मंडळी लाख-दीड लाख रुपयांच्या संगणकाच्या पोटांतून, विजेच्या तारांपासून दोन बोटांच्या अंतरावर, रात्रंदिवस पाणी खेळवीत असतात, आणि तेंहि त्या संगणकाच्याच प्रकृतीसाठीं, तर ही थट्टाच आहे असें त्यास वाटल्यावांचून राहणार नाहीं. वस्तुतः ती एक कला आहे. तिचे नियम आहेत, आणि त्यांतील एखादा चुकला तर शिक्षा त्याच दिवशीं मिळते. आजच्या भाषणांत ह्या कलेच्या सर्वांत अवघड शाखेचा, म्हणजे लहानांत लहान पेटींत पाण्यानें थंड होणारा संगणक स्वतः आंखून स्वतः बांधण्याचा, विचार करावयाचा आहे.

मुळांत संगणक तापतो कां? संगणक दळण दळीत नाहीं कीं विहिरीचें पाणी उपसत नाहीं. तो जी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटीं उष्णता होऊन बाहेर पडते. चित्रमय खेळ खेळण्याच्या किंवा चलच्चित्रांचें संपादन करण्याच्या योग्यतेचा घरगुती संगणक घेतला, तर त्याचा मुख्य प्रोसेसर १०० वॅटच्या आसपास व त्याचें ग्राफिक्स कार्ड २५० वॅटच्या आसपास वीज घेतें. दोहोंची बेरीज ३५० वॅट. घरांतल्या इस्त्रीच्या मानानें ही रक्कम किरकोळ वाटेल. पण १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास पांच वॅट. प्रोसेसरमधील सिलिकॉनची चकती अंगठ्याच्या नखाएवढी, दीड-दोन चौरस सेंटिमीटरांची असते. तिच्यावर दर चौरस सेंटिमीटरास पन्नास-साठ वॅटांचा भार पडतो. कापड जाळणाऱ्या इस्त्रीच्या दसपट! शिवाय इस्त्री तापावी म्हणूनच घेतलेली असते, चिपनें मात्र ९०-९५ अंशांच्या पुढें पाऊल टाकूं नये अशी अपेक्षा. तें टाकलें तर ती स्वतःच आपला वेग कमी करते, आणि पैसे मोजून घेतलेली शक्ति हातीं लागत नाहीं.

ही उष्णता वाहून नेण्यास हवा अगदींच दुबळी आहे असें कोणी समजूं नये. जगांतील बहुतेक घरगुती संगणक हवेवरच चालतात, आणि उत्तम चालतात. अडचण येते ती पेटी आक्रसूं लागली म्हणजे. ३५० वॅट उष्णता, हवा दहा अंशांहून जास्त न तापवितां, बाहेर काढावयाची तर दर सेकंदास सुमारें २९ लिटर हवा पेटींतून गेली पाहिजे. पेटी दहा लिटरांची असेल, तर तिच्यांतली सारी हवा एका सेकंदांत जवळजवळ तीन वेळां बदलली पाहिजे. लहान पंख्यांनीं हें साधावयाचें म्हणजे ते किंचाळणारच. तेंच ओझें पाण्यावर घातलें, तर मिनिटाला एक लिटर पाणी केवळ पांच अंशांनीं तापून तें उचलतें. समान आकारमानाच्या हवेपेक्षां पाणी सुमारें साडेतीन हजार पट उष्णता आपल्या अंगांत सामावून घेतें. ह्या एका आंकड्यावर ही सारी कला उभी आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी संगणकास थंड करतें हें म्हणणें अर्धें खरें आहे. माठांतलें पाणी भोंवतालच्या हवेपेक्षां थंड होतें, कारण माठ पाझरतो आणि पाझरलेल्या पाण्याची वाफ होतांना ती उष्णता घेऊन जाते. संगणकांतलें पाणी बंद नळ्यांत कोंडलेलें असतें. त्याची वाफ होत नाहीं, म्हणून तें खोलींतल्या हवेपेक्षां एक अंशानेंहि थंड होऊं शकत नाहीं. तें केवळ हमालाचें काम करतें. चिपच्या पाठीवरची उष्णता उचलावी, हातभर अंतरावरच्या रेडिएटरांत नेऊन टाकावी, आणि तेथें ती शेवटीं हवेच्याच स्वाधीन करावी. फायदा एवढाच कीं, नखाएवढ्या जागेवर जें काम उरकावें लागत होतें तें आतां दोन मोठ्या, संथ पंख्यांखालीं पसरतां येतें. ह्याच कारणानें पावसाळ्यांतील दमट हवेंत ह्या नळ्यांवर दंव जमण्याची भीति नसते. दंव जमण्यास वस्तु हवेपेक्षां थंड असावी लागते.

पाण्याची ही हमाली कांहीं नवी नाहीं. १९८० सालीं आयबीएम कंपनीनें ३०८१ ह्या नांवाचा मोठा संगणक जाहीर केला. त्याच्या एकेका मॉड्यूलमध्यें शंभराच्या वर चिप दाटीनें बसविल्या होत्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगनें दाबून धरलेला धातूचा दट्ट्या, मधल्या सूक्ष्म फटींत हेलियम वायु, आणि वरच्या थाळींतून वाहणारें थंड पाणी. १९८५ चें क्रे-२ हें यंत्र तर ह्याच्याहि पुढें गेलें. त्यांतील सर्व मंडलें फ्लुओरिनर्ट ह्या वीज न वाहणाऱ्या द्रवांत बुडवूनच ठेवलीं होतीं. पण घरगुती कलेच्या दृष्टीनें खरें महत्त्वाचें वर्ष १९८१ म्हटलें पाहिजे. त्या सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील टकरमन आणि पीस ह्या दोघां संशोधकांनीं सिलिकॉनमध्यें ५० मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे केंसाच्या जाडीच्या आसपासच्या, चरांतून पाणी सोडून दर चौरस सेंटिमीटरास ७९० वॅट उष्णता काढून दाखविली. पाणी स्वतः उष्णतेचें फार चांगलें वाहक नाहीं. रुंद नळींतून गेलें तर कडेचें पाणी तापतें आणि मधलें कोरडेपणानें निघून जातें! चर जितके अरुंद तितका पाण्याचा प्रत्येक थेंब भिंतीजवळ येतो. आज बाजारांत मिळणाऱ्या वॉटर ब्लॉकच्या तांब्याच्या तळावर जीं अतिशय बारीक पातीं कोरलेलीं असतात, त्यांच्यामागें हेंच तत्त्व आहे.

ही विद्या प्रयोगशाळेंतून घरांत आली ती मात्र भंगारच्या दुकानांतून. विसावें शतक संपतांना अमेरिकेंतील व युरोपांतील हौशी लोक मोटारगाडीचा अंतर्भाग गरम ठेवण्याच्या यंत्रणेंतला लहान रेडिएटर काढीत, मत्स्यालयाचा पंप त्यास जोडीत, आणि तांब्याचा ठोकळा घरींच कोरून चिपवर आवळीत. सारें लटांबर टेबलाखालीं बादलीशेजारीं पडलेलें असे. पुढें ह्या वस्तु मुद्दाम संगणकासाठीं बनूं लागल्या. २००४ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या पॉवर मॅक जी-५ ह्या संगणकाच्या सर्वांत वेगवान नमुन्यांत द्रवशीतन कारखान्यांतूनच बसवून दिलें.

त्याच सुमारास दुसरीकडे बोर्ड लहान होत चालले होते. १९९५ च्या एटीएक्स पद्धतीचा मदरबोर्ड ३०५ मिलीमीटर लांब व २४४ मिलीमीटर रुंद असतो. २००१ सालीं व्हीआयए ह्या तैवानी कंपनीनें मिनी-आयटीएक्स ही १७० मिलीमीटर चौरसाची पद्धति काढली. प्रथम ती साध्यासुध्या, मंद यंत्रांसाठींच होती; हौशी मंडळींनीं तिच्यावर बलाढ्य प्रोसेसर चढविले. २०१२-१३ मध्यें अशाच दोन हौशांनीं आपसांत चर्चा करून आंखलेली व लोकवर्गणीच्या बळावर तयार करविलेली एन-केस एम-१ ही पेटी निघाली. लांबी ३२८, उंची २४०, रुंदी १६० मिलीमीटर. म्हणजे साडेबारा लिटरांच्या आसपास. नेहमींचें उभें कॅबिनेट चाळीस-पन्नास लिटरांचें असतें हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या पेटीचें नवल कळेल. तिच्या एका बाजूवर दोन पंख्यांचा पुरा रेडिएटर बसे. मोठ्या कारखान्यांना जें सुचलें नव्हतें तें दोन गिऱ्हाइकांनीं करून दाखविलें, आणि तेव्हांपासून दहा लिटरांच्या आंत येण्याची जणूं शर्यतच लागली.

आतां प्रत्यक्ष आंखणीकडे वळावें. पेटीचें माप आधीं ठरवून आंत वस्तु कोंबूं पाहणारा हमखास फसतो. ज्या वस्तूंचीं मापें बदलतां येत नाहींत त्या प्रथम मांडाव्या आणि पेटी त्यांच्याभोंवतीं शिवावी. शिंपी अंगावरून कपडा बेततो तशी. मदरबोर्ड १७० चौरस. एसएफएक्स पद्धतीचा पॉवर सप्लाय १२५ लांब, १०० खोल, ६३.५ जाड. दोन पंख्यांचा पातळ रेडिएटर सुमारें २७५ लांब, १२० रुंद, ३० जाड, आणि त्यावर २५ मिलीमीटर जाडीचे पंखे. पंप मुठीएवढा, साठ मिलीमीटर चौरस व चाळीस उंच. ग्राफिक्स कार्डाचा मूळचा अवजड पंख्यांचा डोलारा काढून त्या जागीं पातळ वॉटर ब्लॉक लावला, म्हणजे कार्डाची जाडी एकदम निम्म्याहून खालीं येते. लहान पेटींत पाणी आणण्याचें मोठें बक्षीस हेंच. चार अंश तापमान कमी होण्यापेक्षां चार बोटें जागा मोकळी होण्याचें मोल येथें जास्त आहे.

ह्या वस्तूंची एक मांडणी अशी करतां येते. मध्यभागीं उभी पत्र्याची भिंत. तिच्या एका अंगास मदरबोर्ड आणि त्याच्या शेजारीं पॉवर सप्लाय, दुसऱ्या अंगास ग्राफिक्स कार्ड, आणि दोहोंना जोडणारी रायझरची चपटी पट्टी भिंतीखालून वळविलेली. दोन पावांमधल्या सारणासारखी ही भिंत असल्यानें ह्या रचनेस सँडविच म्हणतात. रेडिएटर व पंखे माथ्यावर आडवे. उंचीचा हिशेब मांडला तर वरचे ५५, खालीं बोर्डासाठीं १७५, आणि दोन पत्र्यांचे ४, एकूण २३४. लांबींत बोर्डाचे १७०, पॉवर सप्लायचे १००, त्याच्या तारांस ३०, पत्र्यांचे ४, एकूण ३०४. रुंदींत पॉवर सप्लायच्या बाजूस ६३.५, मधली भिंत २, कार्डास ५०, बाहेरचे पत्रे ४, एकूण १२० च्या आसपास. परंतु माथ्यावरचा रेडिएटरच १२० रुंद असल्यामुळें १३५ धरावे लागतात, आणि जे पंधरा मिलीमीटर वांचतात त्यांत तारा दडवितां येतात. पंपाची जागा पॉवर सप्लायच्या खालीं उरलेल्या ५० मिलीमीटरांच्या कोनाड्यांत आपोआप सांपडते. पेटी झाली ३१० लांब, १३५ रुंद, २३५ उंच: ९.८ लिटर. कागदावर हें काम एका संध्याकाळचें आहे.

कागदावर दिसत नाहींत त्या नळ्या. तेरा मिलीमीटर बाह्य व्यासाची मऊ नळी एकदम काटकोनांत वळविली तर ती चिमटून बंद होते. म्हणून प्रत्येक तीव्र वळणावर काटकोनी फिटिंग लागतें, आणि त्याची उंची प्रोसेसरवरच्या ब्लॉकच्या उंचींत मिळवावी लागते. बोर्डाखालचे खुंट साडेसहा, बोर्ड दीड, त्यावर सॉकेट व प्रोसेसर आठ, ब्लॉक पंचवीस, फिटिंग वीस. साठच्या वर गेलेच. पॉवर सप्लायच्या जाडीमुळें मिळालेल्या ६३.५ मिलीमीटरांत हें बसतें, पण बोट घालून फिटिंग आवळण्यास जागा राहत नाहीं. म्हणून जुने जाणते सांगतात कीं, आधीं पुठ्ठ्याची पेटी करावी. जाड पुठ्ठा, कात्री, डिंक आणि दोन रविवार. संगणकावर काढलेलें त्रिमितीचें चित्र डोळ्यांस फसवतें; पुठ्ठ्याच्या पेटींत हात घातला कीं कोणता स्क्रू कोणत्या वस्तूच्या आधीं बसला पाहिजे हें हातच सांगतो. लहान पेटींत जागेइतकाच क्रमाचा प्रश्न बिकट असतो. पंप बसवून झाल्यावर त्याची तार लक्षांत आली, तर पुन्हां सर्व सोडवावें लागतें.

पुठ्ठ्यानंतर पत्रा. बहुधा दीड किंवा दोन मिलीमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा लेझरनें कापवून घेतात व दाबयंत्रावर वांकवितात. नवशिक्याचा घात येथें होतो. त्यास वाटतें कीं, पेटीच्या बाहेरच्या मापांची बेरीज केली म्हणजे सपाट पत्र्याची लांबी निघाली. पण पत्रा वांकतांना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आंतली दबते. दोन मिलीमीटरांचा पत्रा दोन मिलीमीटर त्रिज्येनें काटकोनांत वांकविला, तर प्रत्येक वांकास त्या बेरजेंतून सुमारें साडेतीन मिलीमीटर वजा करावे लागतात. दोन वांकांचे झाले सात. उंचींत तर अवघा एक मिलीमीटर शिल्लक होता! हिशेब चुकलेली पेटी दिसावयास सुबक दिसते, भोकें मात्र एकालाहि एक जुळत नाहीं. रंगाच्या पावडरीचा थर प्रत्येक अंगास अर्ध्या-पाऊण दशांश मिलीमीटरांचा असतो, तोहि अरुंद खांचांत नडतो. आणि रंग वीज अडवीत असल्यामुळें पेटीचे सर्व भाग अर्थिंगशीं जोडलेले राहावेत म्हणून कांहीं स्क्रूंखालचा रंग खरवडून धातु उघडा करावा लागतो. ही गोष्ट शोभेची नसून जिवाची आहे.

धातूंच्या बाबतींत दुसरें एक पथ्य आहे. पेटीचा पत्रा ॲल्युमिनियमचा चालेल, पण पाण्यास लागणारा एकहि भाग त्या धातूचा असतां कामा नये. वॉटर ब्लॉक तांब्याचा असतो. तांबें आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यांत आले म्हणजे त्यांचा घट तयार होतो. १८०० सालीं व्होल्टानें दोन धातू आणि खारट ओलावा घेऊन जी युक्ति केली तीच येथें नकळत घडते. ॲल्युमिनियम झिजत जातो, त्याचा पांढरा चोथा ब्लॉकच्या बारीक पात्यांत अडकतो, आणि कांहीं महिन्यांत रेडिएटरला भोक पडतें. स्वस्त रेडिएटर पुष्कळदां ॲल्युमिनियमचेच असतात, त्यामुळें विकत घेतांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नवा तांब्या-पितळेचा रेडिएटरहि तसाच जोडूं नये. त्याच्या पोटांत डाख देतांना राहिलेलीं द्रव्यें असतात. ऊन केलेल्या डिस्टिल्ड पाण्यानें तो पुनःपुन्हां हलवून धुवावा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि पाणी डिस्टिल्डच हवें. नळाच्या पाण्यांतील क्षार चरांत बसतात. त्यांत गंज अडविणारें व शेवाळ मारणारें द्रव्य थोडेंसें मिसळावें लागतें. नाहींतर कांचेसारख्या पारदर्शक नळींत, उजेडांत, ऊन पाण्यांत शेवाळ धरतें. ज्याच्या घरीं पाण्याची टांकी उघडी राहते त्यास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

नळ्यांविषयीं मतभेद आहेत. कडक, चकचकीत, उष्णतेनें वांकविलेल्या पारदर्शक नळ्या फार देखण्या दिसतात, आणि प्रदर्शनांत बक्षिसें त्यांनाच मिळतात. त्या वांकवितांना नळींत सिलिकॉनची दोरी घालावी लागते, म्हणजे ती चपटत नाहीं. परंतु दहा लिटरांच्या पेटींत, जेथें दुरुस्तीसाठीं एक वस्तु हलवितांना चार नळ्या हलतात, तेथें ही हौस महाग पडते. काळी, जाड रबरी नळी दिसण्यांत गरीब, पण ती वांकते, धक्का सोसते, आणि उजेड आंत येऊं देत नाहीं. मऊ पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळींतून तिला मऊपणा देणारें द्रव्य हळूहळू पाण्यांत उतरतें व पात्यांवर चिकट थर बसतो; रबरी नळींत तो त्रास नाहीं. घरांत वापरावयाच्या लहान पेटीस तीच योग्य होय.

मग येतो पाणी भरण्याचा दिवस. महिन्यांचें काम आणि साठविलेला पैसा त्या दिवशीं पणास लागतो, आणि म्हणून ह्या बाबतींत घाई केलेली एकाही अनुभवी मनुष्यास खपत नाहीं. प्रथम पाण्याऐवजीं हवा भरतात. सायकलच्या पंपासारख्या लहान पंपानें नळ्यांत सुमारें अर्ध्या बारचा दाब द्यावा, तोंड बंद करावें आणि दाबमापकाचा कांटा पाहत बसावें. अर्धा तास कांटा जागचा हलला नाहीं, तर सांधे पक्के आहेत. कांटा उतरला तर कोठें तरी रबरी कडी तिरकी बसली आहे, किंवा फिटिंग आवळतांना चिरडली आहे. हें पाण्याआधीं कळलें तर दहा मिनिटांचें काम. पाण्यानंतर कळलें तर कदाचित् संपूर्ण बोर्ड गेला.

हवेची परीक्षा उतरल्यावर पाणी. ह्या वेळीं बोर्ड, कार्ड, कशालाहि वीज द्यावयाची नसते; केवळ पंप चालावयास हवा. त्यासाठीं पॉवर सप्लायची मोठी जोडणी बोर्डापासून सुटी ठेवून, ती चालूं करणारी तार जमिनीच्या तारेशीं जोडणारा लहानसा तुकडा लावतात, म्हणजे बोर्डावांचूनच पॉवर सप्लाय जागा होतो. प्रत्येक सांध्याखालीं टिपकागद घालावा. टांकी भरावी, पंप दोन-चार सेकंद चालवावा, पाणी पुढें सरकलें कीं थांबवावा, पुन्हां भरावें. पंप कोरडा चालूं देऊं नये. त्याच्या आंतल्या फिरत्या भागास पाणी हेंच वंगण असतें. टांकी पंपाच्या वर असावी, ही गोष्ट आंखणी करतांनाच साधलेली असली पाहिजे. मग बुडबुड्यांशीं झगडा सुरू होतो. माथ्यावरच्या रेडिएटरांत हवा अडकून बसते आणि पाणी खुळखुळत राहतें. पेटी उचलून डावीकडे कलती करावी, उजवीकडे कलती करावी, जसें रडतें मूल खांद्यावर घेऊन हलवितात. मोठ्या कॅबिनेटवाल्यास ही सोय नाहीं; दहा लिटरांची पेटी मात्र दोन हातांत मावते. असे चोवीस तास पंप चालूं ठेवावा. सकाळीं प्रत्येक कागद उचलून पाहावा. कागद कोरडे असले तरच बोर्डास वीज द्यावी.

शुद्ध पाणी विजेचें वाईट वाहक आहे, तेव्हां डिस्टिल्ड पाणी सांडलें तरी भय नाहीं, असा युक्तिवाद कांहीं जण करतात. बाटलींत असेपर्यंत तो खरा आहे. तांब्यावरून, डाखावरून, रबरावरून आठवडाभर फिरलेलें पाणी शुद्ध राहत नाहीं, आणि बोर्डावरच्या धुळींत तर क्षार असतातच. त्या युक्तिवादावर विसंबून टिपकागदाचे दोन रुपये वांचविण्यांत शहाणपण नाहीं.

चालूं झालेल्या पेटीचें वागणें हवेवरच्या संगणकाहून वेगळें असतें. तिच्या नळ्यांत मिळून पाणी अर्ध्या लिटराच्या आसपास. ३५० वॅटनें तें तापूं लागलें, आणि रेडिएटरनें कांहींच बाहेर टाकलें नाहीं असें धरलें, तर सहा सेकंदांस एक अंश ह्या गतीनें तापमान चढतें. म्हणजे चिपवर क्षणिक भार आला तरी पाण्यास त्याची दादहि नसते. पंख्यांचा वेग चिपच्या तापमानावर बांधला तर ते विनाकारण दर क्षणीं खालींवर होत राहतात; तो पाण्याच्या तापमानावर बांधला म्हणजे पंखे संथपणें चढतात व संथपणें उतरतात. ही संथ गति फार मोलाची आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज पंधरा डेसिबेलांच्या आसपास उतरतो. आणखी एक वाद येथेंच मिटतो. पाणी आधीं प्रोसेसरकडे न्यावें कीं आधीं कार्डाकडे, ह्यावर पुष्कळ डोकेफोड होते. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असतां सबंध फेऱ्यांत पांचच अंशांचा फरक पडतो. तेव्हां जी वाट नळीला सोपी पडेल तीच खरी.

परदेशांतील पुस्ती जशीच्या तशी गिरवून चालणार नाहीं असें एक ठिकाण मात्र आहे, आणि तें म्हणजे खोलीचें तापमान. दोन पंख्यांचा पातळ रेडिएटर, पंखे संथ ठेवले असतां, पाणी व हवा ह्यांच्यांतील दर अंशाच्या फरकास पंधरा ते वीस वॅट बाहेर टाकतो. ३५० वॅटसाठीं सुमारें वीस अंशांचा फरक लागणार. युरोपांत खोली बावीस अंशांची, पाणी बेचाळीस अंशांचें. कोणाचीहि तक्रार नाहीं. मुंबईंत खोली बत्तीस, पाणी बावन्न. नागपुरास मे महिन्यांत दुपारीं, खोलींत गार हवेची सोय नसेल तर, खोली चाळीस आणि पाणी साठ. आणि पुष्कळ पंपांना कारखानदारांनीं घालून दिलेली मर्यादा साठाचीच असते. कडक नळ्यांपैकीं पीईटीजी ह्या प्लॅस्टिकच्या नळ्याहि त्याच सुमारास मऊ पडूं लागतात आणि फिटिंगांतून सुटण्याचा धोका वाढतो. उपाय दोन. पंख्यांचा वेग वाढवावा, आणि आवाज सोसावा. किंवा कार्डाची विजेची मर्यादा २५० वरून २०० वॅटवर आणावी. दुसरा उपाय पुष्कळांस अपमानास्पद वाटतो. परंतु शेवटच्या पन्नास वॅटांतून मिळणारा वेग फार थोडा असतो, हें मोजून पाहणाऱ्यास लवकरच कळतें, आणि उन्हाळ्यांत पेटी जगविण्याचा तोच स्वस्त मार्ग आहे.

अशी पेटी बांधणें सर्वांनीं करावें असें नाहीं. हवेवरचा चांगला संगणक घेऊन कामास लागणाऱ्याचें कांहींच बिघडत नाहीं, उलट त्याचे दोन महिने वांचतात. स्मरणशक्तीची एक पट्टी बदलावयाची झाली तर येथें कदाचित् सर्व पाणी काढावें लागतें. तें काढण्याचें तोंड पेटीच्या सर्वांत खालच्या जागीं ठेवण्याची दूरदृष्टि आंखतांना दाखविली नसेल, तर पेटी मोरींत नेऊन उलटी धरण्यावांचून गति नाहीं. वर्षांतून एकदां पाणी बदलावें, ब्लॉक उघडून पात्यांत चोथा बसला आहे काय तें पाहावें, रेडिएटरवरची धूळ मऊ ब्रशानें झाडावी. पहिल्या महिन्यांत टांकींतील पातळी बोटभर उतरते. ती पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. रेडिएटरांत दडलेले शेवटचे बुडबुडे हळूहळू वर येत असतात, आणि रबरी नळींतूनहि पाणी अत्यंत अल्प प्रमाणांत उडून जातें. कागद कोरडे आहेत एवढी खात्री करून, सुई नसलेल्या पिचकारीनें वरच्या तोंडांतून तेवढें पाणी घालावें आणि झांकण फिरवून बसवावें.